गढीच्या पुलाचा दोर

किसना, तुझं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी देशमुखांच्या कारभाऱ्याचे दोन दात पाडले.

गढीच्या दरवाज्यात, चारचौघांसमोर पाडले. तू असतास तर आधी माझा हात धरला असतास आणि घरी येताना वाटेत विचारलं असतंस की तिसरा कशाला शिल्लक ठेवला. माझी बोटं अजून सुजलेली आहेत, घण नीट धरवत नाही. भाता बंद करून बसलो आहे. तुझ्याशी बोलतो, कारण दुसऱ्या कुणाशी बोलायला गेलो तर त्याचं काय होईल सांगता येत नाही.

कारभारी वाईट बोलायला आला नव्हता, हीच तर गंमत. तोंड पाडून आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "भिवा, तुह्यंच खरं होतं. पुलाले दोराच्या जागी साखळी असती, त सुतार आज जित्ता असता. देशमुखांचा हुकूम हाये, येत्या अमावास्येच्या आधी साखळी घडव."

किती वर्षं मी या वाक्याची वाट पाहिली होती. आपल्या भांडणात कुणीतरी माझ्या बाजूनं बोलावं, तुझ्यासमोर बोलावं, आणि मग मी तुझं तोंड बघावं. ते वाक्य आलं ते या माणसाच्या तोंडून, आणि तू नसताना. शिवाय ते खरं होतं. साखळी असती तर तू वाचला असतास. खोटं बोलला असता तर एखादी शिवी हासडून मी घरी आलो असतो. खरं बोलला म्हणून मारलं.

पूल बांधायचं ठरलं तेव्हा आपण ऐन विशीत होतो. निजामाचा अंमल ढिला पडला होता, टोळ्या गावं लुटत फिरत होत्या आणि देशमुखांच्या गढीभोवतीच्या खंदकावर नुसता मातीचा भराव होता. त्यावरून कुणीही घोडा आत घालावा. देशमुखांनी भराव खणून काढला आणि उचलता पूल करायचं काम तुला नि मला दिलं. सागाला आपण धारणीकडच्या जंगलात गेलो. घाट उतरताना ओंडका बैलबंडीवरून सुटला आणि तुझ्या डाव्या पायावरून गेला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तू ओरडला नाहीस. आधी ओंडक्याला शिव्या दिल्यास, मग बैलांना, आणि मग मला, कारण मी जवळ उभा होतो. पुढे त्याच ओंडक्याचा तू पुलाचा कणा केलास, ज्याच्यावर सगळा तक्ता फिरतो. "आता जल्मभर लोकायच्या पायाखाली राहीन लेकाचा," म्हणालास. तुझ्या पायाचं लंगडणं गेलं नाही, पण सूड उगवल्याचं समाधान तुझ्या तोंडावर कायम राहिलं.

कापसाचे व्यापारी गावात येऊ लागले तेव्हा त्यांना पूल समजावून सांगण्याची तुला भारी हौस. मुंबईकडचा एक जाडा शेठ आला होता, आठवतो? त्याच्याच माणसाच्या हातातला तराजू तू हिसकून घेतलास. "हे पाहा, शेठ. या पारड्यात पुलाचा तक्ता, खंदकावर आडवा पडलेला. या पारड्यात दगडायनं भरलेली पेटी, दरवाज्याच्या आत टांगलेली. मधात भिवाच्या साखळ्या, भिंतीतल्या चाकायवरून गेलेल्या. पेटी तक्त्यापेक्षा लई जड, वर दोन-चार घोडे असले तरी पुरून उरन. पेटी खाली खड्ड्यात गेली, का तक्ता वर आला. वर आला का तोच दरवाजा. खंदक हाये तसा उघडा. आता या म्हना कोनाले याचं त."

शेठनं विचारलं, मग पेटी आपली आपण खाली का जात नाही? तू इतका खूश झालास की त्याला पान दिलंस. "तिथंच त माह्या दोराची करामत हाये."

तुझा दोर. अंबाडीचा, मनगटाएवढा जाड. एक टोक पेटीला, वरच्या तुळईवरून घेऊन दुसरं टोक खड्ड्याच्या आतल्या बाजूला, काठाच्या खाली ठोकलेल्या खुंट्याला. पूल खाली असेल तेव्हा पेटी त्या दोरावर टांगून राहायची. सावकाश उचलायचा तर दोर सोडून रहाटानं पेटी उतरवायची. घाई असली तर काठावर वाकून दोरावर एक घाव, की पेटी धाडकन खाली आणि पूल वर. देशमुखांच्या तेव्हाच्या पहारेकऱ्याला तू सांगितलंस की चाचणीच्या वेळी बाजूला उभा राहा. तो उभा राहिला नाही. तक्ता उठताना बाजूच्या कडीनं त्याचा जबडा असा फोडला की तो मरेपर्यंत पेजेवरच होता.

मी म्हणायचो, दोर कुजतो, उंदीर कुरतडतात, पावसात आकसतो. साखळी लाव आणि तिला एक खीळ. घाईच्या वेळी मी हातोड्यानं खीळ उडवीन. तू म्हणायचास, "साखळीले लोहार लागते. दोर कोनीबी तोडू शकते. तू तवा जाग्यावर नसला त? बाईमानसानं काय साखळी चावावी?" त्यावर मी तापलेली सांडशी तुझ्या अंगावर फेकली. तू रंधा फेकलास, तो माझ्या भुवईवर लागला, खूण आहे अजून. मग तूच कापूर लावलास आणि लावताना म्हणालास, "दोरच बांधीन." आणि बांधलास. देशमुखांनी तुझं ऐकलं, कारण दोर स्वस्त पडत होता. तुझ्या अकलेमुळे नव्हे, हे मी तुला शंभरदा सांगितलं आहे.

आपली भांडणं गावाला पाठ होती. पण गाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायची असली की दोघांचे हात एकाच माणसाचे असल्यासारखे चालायचे. मी लालबुंद धाव सांडशीनं उचलायचो, तू चाक धरायचास, लाकूड पेटायचं, तू पाणी ओतायचास आणि वाफेत दोघंही खोकत हसायचो. दुसऱ्या कुठल्या सुताराबरोबर मी धाव चढवली नाही. आता कुणाबरोबर चढवू?

मग राज्य इंग्रजाचं झालं, टोळ्यांचं भय कमी झालं, आणि समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. गाव वेडं झालं. मला घणाऐवजी हातोडी घेऊन बैलांची शिंगं चांदीनं मढवावी लागली. तू बघत उभा राहायचास. "तिकडे मानसं मरून राह्यली," म्हणालास, "अन् इकडे आपन शिंगं सजवून राह्यलो." मी म्हणालो, तुला नको असेल तर तुझ्या बैलांची उतरवतो. तू नाही म्हणालास. तुझ्याही बैलांची शिंगं चमकत होतीच ना.

दर अमावास्येला भर दुपारी गढीचा पूल एकदा उचलायचा, कण्याला एरंडेल घालायचं, पुलावर नारळ फोडायचा आणि पूल पुन्हा टाकायचा, ही आपण घालून दिलेली रीत. भाव चढला तसा पुलावरून बंड्यांची रीघ लागली. कारभारी म्हणाला, उचलायला, टाकायला वेळ जातो, बंड्या खोळंबतात, नुसता नारळ फोडा. आपण नुसता नारळ फोडला. पुढच्या अमावास्येलाही. खोबरं वाटलं, लोकांनी पाया पडून घेतलं. पूल काही उठला नाही. दिवाळीनंतर भरलेल्या बंड्या अडतात म्हणून दरवाज्याची दारंसुद्धा उतरवून भिंतीला टेकवली.

आणि मग खड्डा. गढीत जागा उरली नव्हती. कोठ्या, ओसऱ्या, तबेला, देवघराचा बोळसुद्धा कापसाच्या बोज्यांनी भरलेला. अवकाळी पावसाचे ढग आले होते आणि सुतारआळीचा कापूस उघड्यावर होता. कारभारी तुझ्याकडे आला. "किसना, पेटीच्या खड्ड्यात बोजे टाकू काय? तुमच्या आळीचेबी तिथंच राह्यतीन." आणि तू हो म्हणालास.

किसना, इथं मला तुझा गळा धरावासा वाटतो. ज्यानं तो खड्डा दोन माणसं खोल खणून घेतला, जो मुंबईच्या शेठला तराजू घेऊन शिकवायचा, त्यानं हो म्हणावं? मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, "रुई हाये, दबते. अन् पूल उचलून कोन राह्यलं आता?" आळीतल्या बायका तुझे उपकार मानत होत्या आणि तुझी मान ताठ झाली होती, ते मला दिसत होतं. माणूस चुकतो, पण तुझी चूक माझ्या ओळखीची नव्हती. त्यावर भांडायचं राहून गेलं. दोन दिवस मी तुझ्याशी बोललो नाही, तिसऱ्या दिवशी एक चाक आलं आणि आपण धाव चढवली.

लुटारू आले ते वेचणीच्या भरात, दिवसाढवळ्या. मूर्तिजापूरचा बाजार होता, गडीमाणसं बंड्या घेऊन तिकडे गेलेली, आपण दोघं तेवढे गढीत कामावर. शिंगांवरची चांदी दूरवरून दिसत होती म्हणा, गाव श्रीमंत झाल्याची बातमी कशी लपणार? आधी पश्चिमेकडच्या वस्तीतून धूर दिसला. मग शेतातून बायका पळत येताना दिसल्या, कमरेच्या ओटीतला कापूस सांडत. तुझी तुळसा त्यांच्यात होती, माझी राधी होती. धोब्याची सून रखमा सगळ्यांत मागे होती. पोटुशी होती ती, तिला पळवत नव्हतं. पुलापासून ढेकूळ फेकावं इतक्या अंतरावर एका स्वारानं तिच्या पाठीत भाला घातला आणि घोडा तसाच तिच्यावरून नेला. मी ते बघितलं. तूही बघितलंस. बाकीच्या बायका पुलावरून आत आल्या.

"तोडा," तू ओरडलास. पहारेकऱ्यानं दोरावर कुऱ्हाड घातली. पेटी सुटली आणि हातभर खाली जाऊन बोज्यांवर बसली. धाडकन आवाज यायला हवा होता, तो आलाच नाही. पूल गुडघ्याएवढा उठला आणि थांबला. क्षणभर सगळे त्याच्याकडे नुसते बघत राहिले. मग तुझं तोंड मी बघितलं. तुझी फजिती बघायची मला इतकी हौस होती, किसना, पण तसलं तोंड मला कधीच बघायचं नव्हतं.

खड्डा मोकळा करायला आपण रहाटाला लागलो, पेटी पुन्हा वर घेतली, पूल पुन्हा खाली पडला, तुटक्या दोराला गाठ मारून खुंट्याला बांधला. आणि तू लाकूड तासायची वाकस कमरेला खोचून खड्ड्यात उतरलास, लंगड्या पायानं, टांगलेल्या पेटीच्या खाली. लुटारू आधी वेशीतल्या घरांत शिरले होते, चांदी शोधत. तिथल्या किंकाळ्या आम्हाला ऐकू येत होत्या. तेवढीच सवड मिळाली. तू खालून बोजे लोटायचास, मी नि बायका वर ओढायच्या. तुळसावहिनींचे हात काथ्यानं कापले होते. ओढलेला बोजा कोण कुठे फेकतं त्याला धरबंद नव्हता. कारभारी भिंतीला पाठ लावून उभा होता आणि खरं सांगतो, तो बोजे मोजत होता. तोंडातल्या तोंडात मोजत होता. भीतीनं असेल. पण मोजत होता.

तळाशी एकच बोजा उरला. "राहू दे तो," तू म्हणालास. "एकानं काई होत नाई. पूल उठते." तेवढ्यात सागावर टाप वाजली.

मी काठावर पालथा पडलो आणि हात खाली दिला. तू माझा हात धरलास. बोज्यावर उभा राहून तू चढायला पाय टेकवत होतास आणि तो डावा पाय भिंतीवर ठरत नव्हता. घाटातल्या ओंडक्यानं तेव्हा अर्धं काम केलं होतं, उरलेलं आता करत होता. दुसरी टाप वाजली. मग खूप टापा.

"भिवा, हात सोड."

"वर ये बे. जोर लाव."

"मांगं पाह्य जरासं."

मी मागे बघितलं. एक स्वार दरवाज्यातून आत आलाच होता, पहारेकरी त्याच्या घोड्याखाली पडला होता. बायका भिंतीशी दाटल्या होत्या आणि राधीनं कुणाचं तरी लहान मूल पदराखाली घेतलं होतं. पुलावर अजून घोडे होते, पलीकडच्या टोकाशी आणखी. मी पुन्हा तुझ्याकडे वळलो, पण हात सोडला नाही. मी तुला सोडणार नव्हतो. सगळं गाव कापलं गेलं असतं तरी त्या क्षणी सोडणार नव्हतो, हे तुला कळलं होतं. तू माझ्या मनगटाला चावलास. कुत्र्यासारखा चावलास, दात हाडाला लागले. माझी मूठ उघडली. तुझा हात सुटला, वाकस कमरेतून निघाली आणि खुंट्यावरच्या दोरावर एकच घाव बसला.

पेटी या वेळी धाडकन गेली.

पूल उठताना मी बघितला नाही, पण ऐकला. घोडी किंचाळली. पुलाच्या मध्यावर असलेले दोघे घोड्यांसकट घसरत दरवाज्याच्या चौकटीत आले आणि तक्ता त्यांच्यावर मिटला. त्यांची हाडं मोडण्याचा आवाज मला ओळखीचा होता, घाटात ऐकलेला. टोकाशी होते ते खंदकात पडले, निवडुंगावर नि बाभळीच्या काट्यांवर, एकमेकांच्या घोड्यांखाली. जे बाहेर राहिले ते बाहेरच राहिले. त्यांनी बंदुका उडवल्या, तुझं घर जाळलं, माझा भाता जाळला आणि दिवस कलता कलता निघून गेले.

आत आलेला स्वार एकटा पडला होता. त्याची तलवार राधीच्या दिशेनं उठली होती. मी घण कधी उचलला मला माहीत नाही. घोड्याच्या गुडघ्यावर पहिला घातला, तो माणूस खाली आला, आणि दुसरा त्याच्या छातीवर. तिथंच थांबायला हवं होतं. तो मेला होता. मी थांबलो नाही. माझ्या मनगटातून रक्त घणाच्या दांड्यावर वाहत होतं, मूठ निसटत होती, आणि मी घालतच होतो, जोवर देशमुखांनी स्वतः येऊन माझ्या अंगावर पाणी ओतलं नाही. तो पोरगेलासा होता, मिशीसुद्धा नीट फुटलेली नव्हती. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाटायला हवं, असं तू म्हणाला असतास आणि त्यावर आपलं आणखी एक भांडण झालं असतं.

पेटी रहाटानं वर घेतली तेव्हा खाली बघायची कुणाची छाती झाली नाही. मी उतरलो. तुला कसं वर आणलं ते मी तुला सांगत नाही. तुझ्याखालचा तो बोजा रक्तानं भिजून जड झाला होता. कारभाऱ्याच्या माणसानं तो बाजूला ठेवायला घेतला, तेव्हा तुळसावहिनी म्हणाल्या, "हात लावाल तर खबरदार. तो त्यायच्या सोबत जाईन." तो बोजा आम्ही तुझ्या चितेवर ठेवला. रुई भपकन पेटली आणि सरकी बराच वेळ तडतडत राहिली. सरकीचा तो आवाज माझ्या कानातून अजून जात नाही.

आता साखळीचं. भाता नवा बांधला, कोळसा आणला आणि हुकुमाप्रमाणे मी घडवायला बसलो. सुजलेल्या बोटांनी तीन कड्या केल्या. चांगल्या झाल्या, तुला दाखवल्या असत्या तर तोंड वाकडं केलं असतंस. चौथी तापवायला घातली आणि हात थांबला. साखळी असती तर खीळ खड्ड्यात नसती. खीळ वर असती, माझ्या हातोड्याखाली. आणि तू खाली असताना मी ती उडवली नसती. तू ओरडून ओरडून सांगितलं असतंस, तरी नाही. मी तुला ओढत बसलो असतो, घोडे आत आले असते, आणि मग तू काय, मी काय, भिंतीशी उभी राधी काय. कारभारी खरं बोलला, पण अर्धंच. साखळी असती तर तू त्या खड्ड्यात मेला नसतास. पुढे अंगणात मेला असतास, सगळ्यांबरोबर.

चौथी कडी कोळशातच राहू दिली. संध्याकाळी तुळसावहिनी आल्या. दाराशीच बसल्या. मी विचारलं, "वहिनी, पुलाले काय लावू?"

त्या म्हणाल्या, "भाऊजी, मी मेली असती अन् ते राह्यले असते, त मले चाललं असतं. पर त्यायले चाललं नसतं. त्यायनं मले इचारलं नाई. तुमाले तरी इचारलं?"

मी मनगट दाखवलं. दातांची खूण बघून त्या हसल्या, किसना. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू आवरेना. मलाही आवरलं नाही. मी लोहार आहे, माझ्या डोळ्यांत धूर गेला असं मी नेहमी म्हणतो, तुला माहीत आहे. भाता बंद होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंबाडी आणली. त्या, राधी नि मी, तिघांनी मिळून दोर वळला. माझ्या सुजलेल्या बोटांना वळता येईना, तर राधी म्हणाली, "लोखंड असतं त आलं असतं." तिच्या तोंडून तुझंच बोलणं ऐकल्यासारखं झालं. ती जिवंत आहे, भाकरी करते, माझ्यावर खेकसते. रोज तिचा आवाज ऐकला की आधी तुझी आठवण येते. हे तिला सांगितलं नाही. तुला सांगतो. मी तुझा उपकार मानावा असा तुझा माझा व्यवहार कधी नव्हता, कसा मानतात ते मला येतही नाही. पण मानतो.

दोर खांद्यावर टाकून मी देशमुखांसमोर उभा राहिलो. कारभारी बाजूला होता, तोंड सुजलेला, बोलताना बोबडा. म्हणाला, हुकूम साखळीचा आहे. मी देशमुखांना म्हणालो, "सरकार, साखळी तोडाले मी लागतो. दोर कोनीबी तोडते. अन् खड्डा रिकामा राहीन. अन् दर अमावास्येले मी सोता दोर तोडीन, नवा बांधीन. नारळ फोडा नाई त नका फोडू. हे नसन चालत, त दुसरा लोहार पाहा." देशमुखांनी माझ्याकडे पाहिलं, मग खड्ड्याकडे. त्यांची सून त्या दिवशी भिंतीशी उभ्या बायकांत होती. ते म्हणाले, "बांध."

तू जिंकलास, लेका. इतकी वर्षं भांडलो, आणि शेवटी तुझ्या बाजूनं भांडायला मीच गेलो.

आज अमावास्या. दुपारी बंड्या थांबवल्या. कितीही खोळंबोत. सगळं गाव जमलं होतं. कण्याला एरंडेल घातलं. तुझी वाकस मी धार लावून खुंट्याजवळ खिळ्याला अडकवली आहे, ती तिथंच राहील, ज्याला लागेल त्यानं घ्यावी. तीच हातात घेतली आणि काठावर वाकलो. खड्डा तळापर्यंत दिसत होता, झाडून घेतलेला.

घाव घालायच्या आधी खाली हाक मारायची, ही रीत आता मी घालून दिली आहे. पेटी सुटायच्या आधी कुणी खाली नाही ना, ते बघायला. तशी मी हाक मारली, "खाली कोनी हाये का?"

भिंतीवरून माझाच आवाज परत आला. राधीनं मागून विचारलं, "आता काहून थांबले?" मी आणखी थोडं थांबलो. मग तोडला.